हलका आहार

डॉक्टरांचं अक्षर औषधाच्या दुकानदाराशिवाय कुणाला लागत नाही, अशी थट्टा सगळेच करतात. माझं अक्षर लागतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यांनी माझ्याकडून कित्ते गिरवून घेतले. माझ्या हातचं डिस्चार्ज कार्ड चौथी शिकलेल्या माणसालाही वाचता येतं, याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता. मोहोळकडच्या एका बाईंनी माझं अक्षर नीट वाचलं आणि वाचलं तसं केलं. हे लिहायला बसलोय ते त्यामुळे.

मी सोलापुरात पोटाची ऑपरेशनं करतो. सव्वीस वर्षं झाली. त्यातलं बरंचसं काम कॅन्सरचं: अन्ननलिका, जठर, आणि दोन्ही जिथे जुळतात ती जागा. हे पेशंट येतात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते, घास उतरत नाही. आधी भाकरी अडते, मग भात, मग पाणी. म्हणजे दुखण्याची सुरुवातच खाण्यापासून होते. आणि तरी माझ्या सव्वीस वर्षांतल्या पहिल्या वीस-एकवीस वर्षांत पेशंट काय खातो हा माझा विषय नव्हता. तो नर्सचा, नाहीतर बायकोचा, नाहीतर कँटीनचा.

माझे विषय वेगळे होते. गाठीच्या कडेपासून किती सेंटिमीटर निरोगी भाग सोबत काढला. आजूबाजूच्या लसिकागाठी किती निघाल्या; पंधरा-सोळा तरी निघाल्याशिवाय आजाराची पायरी नीट ठरत नाही, आणि माझ्या पंचवीस-तीस निघत. रक्त किती मिलिलिटर गेलं. ही सगळी मोजमापं मला तोंडपाठ असत. वजन मात्र नाही. आमच्या शास्त्रात ऑपरेशनांना सर्जनांची नावं आहेत. बिलरॉथने 1881 साली व्हिएन्नात जठराचा कॅन्सर काढला, त्याचं नाव अजून आमच्या तोंडी आहे. आयव्हर ल्युइसने 1946 साली छाती उघडून अन्ननलिका काढायची रीत लिहिली, त्याचंही आहे. वजनकाट्यावर पेशंटला उभं करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मला नाव असलेल्या गोष्टी आवडत.

मनात एक समज पक्का होता. पेशंट बारीक होतो तो कॅन्सरमुळे. कॅन्सर काढला की वजन आपोआप भरेल. नाही भरलं तर आजारच तसला होता म्हणायचं. या समजात सोय अशी की कुठूनही पाहिलं तरी माझ्याकडे बोट येत नाही.

राउंडच्या शेवटी नातेवाईक हमखास विचारत, "साहेब, आता खायला काय द्यायचं?" तोवर मी पुढच्या खाटेकडे वळलेला असे. "हलकं द्या," मी म्हणायचो. कुणी सांगे, "साहेब, गोड बंद केलंय, साखरेने कॅन्सर वाढतो म्हणतात." मी मान हलवायचो. वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी कॅन्सरच्या पेशी साखर भराभर खातात हे दाखवलं होतं, त्यावरून ही समजूत पसरली. पण आपण साखर सोडली म्हणून रक्तातली साखर संपत नाही, शरीर ती स्वतःच्या स्नायूंतून करून घेतं, हे मला ठाऊक होतं. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. मान हलवायला एक सेकंद पुरतो.

2018 साली आमच्या हॉस्पिटलने एक आहारतज्ज्ञ नेमली. वय पंचविशीचं, हातात कायम वही. मानांकनाच्या कागदपत्रांसाठी नेमली असणार, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. थिएटरच्या चहाच्या खोलीत मी तिला 'खिचडी मॅडम' असं नाव पाडलं. सगळे हसले. हे तिच्या कानावर गेलं नसेल, अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. हॉस्पिटलच्या भिंती किती पातळ असतात हे सर्जनला सर्वांत शेवटी कळतं.

एकदा राउंडला ती माझ्यासोबत चालत होती. पेशंट चार दिवस तोंडाने काही न घेता सलाईनवर होता. ती हळूच म्हणाली, "सर, पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत किती कॅलरी असतात?" मी म्हटलं, "पुष्कळ." ती म्हणाली, "पंच्याऐंशी." आणि वही बंद केली.

मी चिडलो. चिडण्याचं कारण तेव्हा स्वतःशी कबूल केलं नव्हतं, आता करतो. मी ते गणित कधी केलंच नव्हतं. अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, ग्रॅमला साडेतीनच्या आत कॅलरी. तिसरीतलं पोर करील. एका कपात मावणाऱ्या म्हशीच्या दुधात त्या बाटलीपेक्षा जास्त दम असतो. आणि नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर काहीच नाही, शून्य. खेड्यातून आलेला माणूस म्हणतो, "दोन बाटल्या लावा साहेब, ताकद येईल," तेव्हा आम्ही डॉक्टर आपसात हसतो. माझा समज त्याच्यापेक्षा फार वेगळा नव्हता, फक्त मी तो इंग्रजीत बाळगत होतो.

तिला गप्प करायला माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. अमेरिकेत 1991 साली माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांतून 395 पेशंटांवर एक मोठा अभ्यास झाला. ऑपरेशनच्या आधी आठवडा-पंधरवडा शिरेतून पूर्ण आहार दिला तर फायदा होतो का, असा प्रश्न होता. उत्तर आलं: ज्यांना तो आहार दिला त्यांच्यात जंतुसंसर्ग वाढला. हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "हो सर. आणि जे फार खंगलेले होते त्यांच्यात बाकीची गुंतागुंत कितीतरी कमी झाली, त्याच पेपरमध्ये आहे." मी म्हटलं, बघतो. बघितलं नाही. पदव्युत्तर परीक्षेच्या वेळी मी तो निष्कर्ष वाचला होता आणि त्यातला निम्मा, मला सोयीचा तेवढा, इतकी वर्षं जपून ठेवला होता.

आता मोहोळकडचे अण्णा. नाव हे नव्हतं, पण त्यांचा मुलगा त्यांना अण्णाच म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. साठीच्या आतले, कांद्याचे शेतकरी, अंगापिंडाने दांडगे. जठराचा कॅन्सर, पण फार पसरलेला नव्हता. केमोथेरपी देणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने ऑपरेशनआधी चार डोस दिले. ऑपरेशननंतर आणखी चार द्यायचे होते. हल्ली जठराच्या कॅन्सरला बहुधा असंच करतात, निम्मी केमो आधी, निम्मी नंतर. 2019 च्या जुलैत मी त्यांचं पूर्ण जठर काढलं आणि लहान आतडं वर ओढून अन्ननलिकेला जोडलं. ऑपरेशन सुंदर झालं. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण त्या दिवशी मी हाच वापरला होता. कडा स्वच्छ, गाठी एकतीस, जोड पक्का. पोटातून आतड्यात एक बारीक नळी मी टाकली होती, त्यातून थोडे दिवस पातळ आहार गेला. दहाव्या दिवशी घरी सोडताना ती काढून टाकली. नळीसकट घरी पाठवलं की गावात लोक म्हणतात ऑपरेशन फसलं. मला ते नको होतं.

डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहिली, टाके कधी काढायचे ते लिहिलं. शेवटच्या ओळीत माझ्या सुवाच्य अक्षरात दोन शब्द लिहिले: हलका आहार.

मग सप्टेंबरातला एक दिवस, गणपती उठून गेल्यानंतरचा. ओपीडीला गर्दी होती. केमोवाल्या सहकाऱ्याचा फोन आला, "तुझा पेशंट परत पाठवतोय. याला मी डोस देऊ शकत नाही. बघ एकदा." बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, त्याला ओलांडून मी आत गेलो. पाच मिनिटांनी त्याच म्हाताऱ्याला मुलाने धरून आत आणलं. ते अण्णा होते. मी त्यांना ओळखलं नव्हतं. दहा आठवड्यांपूर्वी ज्या माणसाच्या पोटात मी पाच तास हात घालून उभा होतो, त्याला मी बाहेरच्या बाकावर ओळखलं नाही.

काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस.

"आधी किती होतं?" मी विचारलं. हा प्रश्न मी पहिल्यांदा तेव्हा विचारला. माझ्या केसपेपरवर उत्तर नव्हतं. वजनाचा रकाना छापलेला होता आणि कोरा होता. मुलगा म्हणाला, "संक्रांतीच्या टायमाला मार्केट यार्डात कांदा घालाया आलतो, तवा अण्णा गमतीनं काट्यावर उभं ऱ्हायलं. बहात्तर भरलं."

कांद्याची प्रत्येक गोणी जिथे तोलली जाते तिथे त्या माणसाचं वजन झालं होतं. माझ्याकडे नाही.

मी त्यांच्या बायकोकडे वळलो. आवाज चढला होता माझा, हे आठवतं. "काय खायला देत होतात यांना?" त्या घाबरल्या नाहीत. कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं, उलगडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमीच लिवलंय न्हवं सायेब. हलका आहार."

मग त्यांनी सांगितलं. तांदळाची पेज. वरणाचं वरचं पाणी. नारळपाणी, ते सोलापुराहून मुद्दाम आणवलेलं, महाग. मोसंबीचा रस. अंडं जड, म्हणून नाही. दूध जड पडेल, म्हणून नाही. शेंगदाणे तर कॅन्सरच्या माणसाला कसे द्यायचे? शेंगाचटणी आणि ज्वारीची कडक भाकरी म्हणजे अण्णांचा जीव. ते मागायचे, रुसायचे, एकदा ताट फेकलं म्हणे. पण यांनी दिलं नाही. "रस दिला की घाम फुटायचा त्यास्नी, छाती धडधडायची, डोळं पांढरं करायचं. मग रसबी बंद केला." हे ऐकताना मी नजर खाली घातली. जठर नसलेल्या माणसाला गोड रस दिला की ती साखर थेट आतड्यात उतरते, आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, चक्कर. याला आम्ही डम्पिंग म्हणतो. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण पडले होते. या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या स्वतःच्या नजरेने तिथपर्यंत पोचल्या होत्या. ऑपरेशननंतरच्या त्या दहा आठवड्यांत अण्णांकडे लक्ष देऊन पाहणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाच्या हातात मी चुकीचा कागद दिला होता.

त्या बोट तसंच ठेवून उभ्या होत्या. आरोप नव्हता त्यात. 'आम्ही चुकलो नाही ना' एवढंच विचारत होत्या. आणि मी, हे लिहायला जड जातं, मी म्हणालो, "ठीक आहे, ठीक आहे. ऍडमिट करू." तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे. वाक्य लांब नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अण्णांची जुनी फाइल मागवली. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर ऑपरेशनच्या दिवशीचं वजन होतं. त्यांना औषधाचा डोस ठरवायला लागतं. एकसष्ट. म्हणजे मी चाकू लावला तेव्हाच या माणसाचे अकरा किलो गेलेले होते, पंधरा टक्के, आणि तो आकडा माझ्यापासून दोन पानांवर होता. दांडगा देह बघून मला ते दिसलं नव्हतं. नंतरचे तेरा किलो त्यांनी माझ्या कार्डाबरहुकूम घालवले. मग मी आणखी फायली मागवल्या. वीस-पंचवीस तरी चाळल्या असतील. वजनाचा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा. कपाटात हिशोबाच्या वह्या असाव्यात आणि जमेची बाजू कुणी भरलेलीच नसावी, तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आहारतज्ज्ञ मॅडमना बोलावलं. नाकातून आतड्यापर्यंत नळी टाकली होती, आणि मला वाटत होतं की आता काय हवं ते ओतावं आणि महिन्याचं देणं आठवड्यात फेडावं. मी म्हटलं, "आजच दोन हजार कॅलरी द्या." ती म्हणाली, "सर, हळू. तुम्ही म्हणता तसं दिलं तर हृदय बंद पडेल." खरंच होतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले कैदी पोटभर जेवून दगावले, तेव्हा डॉक्टरांना हे नीट उमगलं. अपराधी वाटणं हेसुद्धा घाईत धोक्याचंच. तिने पहिल्या दिवशी थोडंसं दिलं, आधी थायमिन दिलं, रोज रक्त तपासलं. तिने बाईंच्या शेजारी स्टुलावर बसून दहा आठवड्यांचं खाणं लिहून काढलं. दिवसाला पाचशे कॅलरीच्या आत. एकसष्ट किलोच्या माणसाला किलोमागे पंचवीस-तीस, म्हणजे पंधराशेच्या पुढे लागतात.

स्कॅन केला. कॅन्सर कुठेही नव्हता. माणूसही फारसा उरला नव्हता.

नवव्या दिवशी वजन किलोभर वाढलं. अण्णा माझ्याकडे बघून हसले, शेंगाचटणी मागितली, मॅडमनी दह्यात कालवून दोन चमचे दिली. दोन दिवसांनी ताप आला, छातीत न्यूमोनिया. खोकून बेडका बाहेर काढायलाही स्नायू लागतात. ते उरले नव्हते. तापाच्या पाचव्या दिवशी गेले.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं: जठराचा कॅन्सर. सही माझी. कायद्याने त्यात काही चूक नसेल. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात शोधून सापडली नसती अशी गोष्ट मी कारण म्हणून लिहिली होती.

यानंतर मी एका झटक्यात बदललो असं नाही. मन वकिली करत राहिलं. एक पेशंट गेला म्हणून काय सिद्ध होतं? मग वाचायला लागलो, आणि वाचताना लाज वाटायला लागली, कारण हे सगळं आमच्याच घरातलं होतं. स्टडली नावाच्या एका अमेरिकन सर्जनने, आहारतज्ज्ञाने नव्हे, सर्जनने, 1936 साली लिहून ठेवलंय की पेप्टिक अल्सरचं ऑपरेशन करण्याआधी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून जास्त घटलेलं होतं त्यांच्यातले 33.3 टक्के ऑपरेशननंतर दगावले. ज्यांचं कमी घटलं होतं त्यांच्यातले 3.5 टक्के. 1936. तेव्हा पेनिसिलिन बाजारात नव्हतं. 1980 साली अमेरिकेत तीन हजारांवर कॅन्सर पेशंटांची नोंद तपासली गेली: केमोआधीच वजन घटलेले लोक कमी जगले, आणि वजन सर्वांत जास्त जणांचं घटलं होतं ते स्वादुपिंडाच्या आणि जठराच्या कॅन्सरमध्ये, शंभरात ऐंशीहून जास्त जणांचं.

वकील तरीही उठून उभा राहिला. वजन घटलं म्हणून कमी जगले, की आजारच जहाल होता म्हणून वजनही घटलं आणि आयुष्यही? हा प्रश्न बरोबर आहे. मी आजही तो सोडून दिलेला नाही. कॅन्सरमधलं खंगणं ही साधी उपासमार नसते. शरीरात एक धुमसती आग असते, भूक मारते, स्नायू विरघळवते, आणि नुसतं अन्न ओतून ती पुरती विझत नाही. पण 'पुरती विझत नाही' यावरून 'काही करू नये' हे मी कुठल्या तर्कशास्त्राने काढलं होतं?

2021 साली बीजिंगमधला एक अभ्यास वाचनात आला. अन्ननलिका-जठराचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडचा. 328 पेशंट. सगळ्यांना नेहमीची केमो. त्यातल्या दोन तृतीयांश लोकांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं निवडून आणखी एक गोष्ट दिली: पहिल्यापासून आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि खास नर्स सतत पाठीशी. नवं औषध एकही नाही. या गटातले निम्मे लोक 14.8 महिन्यांपलीकडे जगले. नुसत्या केमोच्या गटात तोच आकडा 11.9. जवळजवळ तीन महिने. श्रेय सगळं जेवणाचं नाही, मनाला दिलेल्या आधाराचंही आहे, दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. पण तीन महिने आयुष्य वाढवणारी गोळी निघाली तर तिच्या कंपन्या आम्हाला परदेशात परिषदेला नेतात. इथे निघाली होती एक वहीवाली मुलगी, आणि मी तिला नाव पाडलं होतं.

जगण्याचं आणि जेवणाचं नातं मला आता सर्वांत स्पष्ट दिसतं ते केमोच्या खुर्चीत. अण्णांसारख्यांना आधी चार आणि नंतर चार डोस देण्याची जी पद्धत जर्मनीतून आली, तिने आयुष्य वाढतं हे दाखवणाऱ्या मूळ अभ्यासातसुद्धा ठरलेले सगळे डोस पुरे करणारे निम्म्याहून कमी होते. ऑपरेशननंतरच्या डोसांना बरेच जण पोचतच नाहीत. माझा चाकू कितीही स्वच्छ चालो, तो पेशंटला त्या खुर्चीपर्यंत चालवत नेत नाही. तिथपर्यंत पाय नेतात, आणि पायांना मांस लागतं.

मॅडमची मी माफी मागितली. ती म्हणाली, "सर, खिचडीत तूप आणि मुगाची डाळ वाढवली तर ती वाईट नसते." एवढंच. तिला सगळं माहीत होतं.

आता माझ्या टेबलाशेजारी काटा आहे. पहिल्याच भेटीत विचारतो, सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं. उत्तर किलोत क्वचित येतं. "पट्ट्याला दोन भोकं वाढवली," "ब्लाउज आत घेतले," असं येतं. तेही लिहून घेतो. फार खंगलेला असेल तर ऑपरेशन आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलतो आणि नळीने खाऊ घालतो. नातेवाईक चिडतात, "तोवर पसरला तर?" त्यांची भीती मला कळते, माझ्याही पोटात गोळा येतो. आतड्यातली नळी घरी पाठवतो, महिना-दीड महिना. तिचाही त्रास असतो. बाजूने गळते, पिकते, कधी अडकते. अक्कलकोटकडची एक सासूबाई सुनेपेक्षा सफाईने ती धुते, मला फोनवर व्हिडिओ दाखवते. जठर पूर्ण काढलेल्यांना बी-बारा आयुष्यभर द्यावं लागतं, बहुधा इंजेक्शनने. यकृतात दोन-चार वर्षांचा साठा असतो, म्हणून कुणाला घाई वाटत नाही, आणि मग एक दिवस पाय बधिर होतात. तेही मी आधी एका ओळीत उरकायचो.

आणि उलटी चूक होऊ नये म्हणूनही धडपडतो. शेवटच्या आठवड्यांत, आजार सगळीकडे पसरलेला, तेव्हा घरचे चमचा घेऊन पेशंटच्या ओठांशी झगडतात. तिथे अन्नाने आयुष्य वाढत नाही, फक्त भांडण वाढतं. तिथे मी सांगतो, मागितलं तर द्या, नाही तर हात हातात घ्या. कुठे थांबायचं हे मला दर वेळी अचूक कळतं असं नाही. काहींना सगळं नीट देऊनही वजन घटतच गेलं, आणि ते गेले.

डिस्चार्ज कार्डाची शेवटची ओळ आता एक पान झाली आहे. दर दोन तासांनी मूठभर. आधी अंडं, दही, पनीर, डाळ. भाकरी मऊ कुस्करून, त्यावर शेंगदाण्याचं कूट. दूध सोसलं तर. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने. रस नको. दर सोमवारी वजन, आणि दोन किलो घटलं की फोन. आमच्या हॉस्पिटलचं नवं सॉफ्टवेअर आहार या खान्यात आपोआप 'हलका' असं भरतं. मी प्रत्येक वेळी ते खोडतो. बदलून द्या म्हणून तीनदा लिहिलंय, अजून बदललेलं नाही.

राहिली एक गोष्ट. त्या बाईंना अजून वाटत असेल की नवऱ्याला खायला घालण्यात त्या कमी पडल्या. गावात कुणी बोललंही असेल. गेल्या कार्तिकीनंतर पंढरपूरहून येताना मी ड्रायव्हरला त्यांच्या गावच्या फाट्यावर थांबायला सांगितलं. गाव आत तीन किलोमीटर. फाट्यावर चहाची टपरी होती, शेजारी एक जण कांद्याच्या गोण्या टेम्पोत चढवत होता. मी चहा घेतला. दुसरा घेतला. काय म्हणायचं ते मनात दोनदा जुळवलं. मग ड्रायव्हरने विचारलं, "सर, आत जायचंय का?" मी म्हटलं, नको, उशीर झालाय.